'वीज वाचवा'चं पोस्टर बाजूला ठेवा: घरगुती वीजबचतीवरचा ग्रुप प्रोजेक्ट कसा करायचा

डिझाइन किंवा उपयोजित कला शिकणाऱ्यांच्या वाट्याला 'घरातली वीजबचत' हा विषय कधी ना कधी येतोच. विषय मिळाला की पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक ग्रुपच्या वहीत एकच चित्र उमटतं. हिरवं पान, पानात बल्ब, खाली 'वीज वाचवा, देश वाचवा'. ते चित्र एकदाचं काढून मोकळे व्हा, वहीत तारीख घाला आणि पान उलटा.

मुंबईतल्या घरात वीज वाचवायला हवी हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. लाईट बिल आलं की आपोआप पटतं. घोडं अडतं ते दुसरीकडे. मीटर तळमजल्यावर, जिन्याखालच्या मीटर रूममध्ये, बहुधा कुलपात. बिल येतं महिना उलटल्यावर. शिवाय बटण दाबणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. त्यामुळे वीज नेमकी कुठे आणि कधी जाते हे घरातल्या माणसाला कळतच नाही. यातलं एखादं अंतर एका घरापुरतं जरी कमी केलंत तरी प्रोजेक्ट झाला असं समजा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

ग्रुप आणि वेळापत्रक

चार-पाच जण पुरेत. त्यात आकडेमोडीला न कंटाळणारा एक आणि अनोळखी घरात ओट्याशी उभं राहून तासभर गप्पा मारू शकणारी एक व्यक्ती हवीच. चित्रं सगळेच काढतात, त्याची काळजी नको. घरं वाटून घेताना रेल्वेची लाइन बघा. बोरिवलीच्या मुलाला मानखुर्दचं घर दिलं तर दुसऱ्या फेरीला तो दांडी मारणार, आणि तुम्हाला प्रत्येक घरी तीन-चार फेऱ्या तरी लागणारच आहेत. लोक रविवारी घरी भेटतात, पण रविवारी मेगाब्लॉकही असतो. आदल्या दिवशी तपासून निघा.

सहा आठवडे असतील तर पहिले दोन घरं समजून घेण्यात आणि मीटर वाचण्यात घालवा, एक ब्रीफ (नेमका कोणता प्रश्न सोडवायचा ते सांगणारं वाक्य) आणि कल्पनांसाठी ठेवा, दोन आठवडे प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, घरात लावून बघण्यासाठी आणि शेवटचा मांडणीसाठी. बहुतेक ग्रुप हे प्रमाण नेमकं उलटं करतात. चार आठवडे लोगो आणि एक दिवस घरात.

आधी बिल वाचायला शिका

प्रत्येकाने आपल्या घरचं बिल आणावं. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, बेस्ट. त्यापुढच्या उपनगरांत बहुतांशी अदानी इलेक्ट्रिसिटी. दोन्हीकडे विखुरलेले टाटा पॉवरचे ग्राहक. भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एकाच ग्रुपच्या टेबलावर चार कंपन्यांची चार बिलं पडू शकतात, आणि ती शेजारी ठेवून बघणं हाच पहिला अभ्यास. एकूण रक्कम सगळ्यात मोठ्या अक्षरात असते. युनिट मात्र शोधावे लागतात.

दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतात आणि घरगुती वापराला टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्याचा दर महाग. इथे एक गैरसमज घरोघरी भेटतो, की ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नसतं. महाग दर फक्त वरच्या युनिटना लागतो. म्हणून ३२० युनिट वापरणाऱ्या घराने २५ युनिट वाचवले तर त्यातले २० तिसऱ्या टप्प्यातले सुटतात आणि पाच दुसऱ्यातले. म्हणजे बचत नेहमी सगळ्यात महाग युनिटपासून सुरू होते. शंभरच्या आत असलेल्या घराला तितकेच युनिट वाचवून रुपयांत कमी मिळतं, हेही त्यातूनच आलं. वीज आकाराशिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार घर महिनाभर बंद ठेवलं तरी भरावा लागतो. त्यामुळे 'वापर निम्मा, बिल निम्मं' असलं वाक्य तुमच्या शीटवर चुकूनही येऊ देऊ नका.

वॅट गुणिले तास

हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. एवढं गणित पुरतं, पण ते प्रत्येकाने हाताने करावं, कारण त्यातून अर्ध्या कल्पना तिथल्या तिथे बाद होतात.

मोबाइलचा चार्जर घ्या. नुसता प्लगमध्ये राहिलेला आजकालचा चार्जर एका वॅटचा लहानसा अंश खातो. महिनाभर तसाच ठेवला तरी पाव युनिटही होत नाही. तरीही 'चार्जर काढा' हा संदेश दर वर्षी कुणीतरी करतंच, कारण चार्जरचं चित्र छान येतं. आता छताचा साधा पंखा घ्या. ७० ते ८० वॅट. मुंबईच्या दमट हवेत तो बंद असतोच कधी? ७५ वॅटने रोज १८ तास धरले तर महिन्याला साधारण ४० युनिट, तेही एका पंख्याचे. ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तेवढ्याच वेळात १६ युनिट घेतो.

गिझर २००० किंवा ३००० वॅटचा, पण थोडाच वेळ चालतो. २० लिटरची बादली २७ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.३ युनिट लागतात. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर लागावेत असा नियमही आहे. डिझाइनच्या विद्यार्थ्याने या नियमाकडे जरा थांबून बघावं. त्यात उपदेशाचं एक वाक्य नाही, फक्त सुरुवातीचा आकडा हलवलाय.

मीटरचा लुकलुकता दिवा

हा भाग मन लावून करा. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर ऑनलाइन मिळतो, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारलंत तरी मिळेल. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मिक्सर त्यावर मोजता येतात. पण पंखा प्लगवर नसतो. त्यासाठी मीटरच वापरायचा.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. समजा ३२०० आहे. मग मिनिटात चार वेळा लुकलुकला तर घरात त्या क्षणी ७५ वॅट चालू आहेत. म्हणजे एक पंखा. एक जण वर घरात, एक जण खाली मीटरजवळ, दोघे फोनवर. घरातलं सगळं बंद करून फक्त पंखा चालू ठेवा आणि पाच मिनिटं मोजा. साधा पंखा असेल तर २० च्या आसपास, बीएलडीसी असेल तर ८ च्या आसपास. २००० वॅटचा गिझर लावला की मिनिटाला शंभराच्या वर जातो, मोजताना दमछाक होते. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर गणित त्याप्रमाणे बदला.

अडचणी दोन. मधेच फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर आकडे बिघडतात, म्हणून घरच्यांना विचारून फ्रिज तेवढी पाच-दहा मिनिटं बंद ठेवा. निघताना तो परत चालू केलाय हे दोघांनी वेगवेगळं तपासा. दुसरी अडचण मीटर रूमची. किल्ली वॉचमनकडे किंवा सेक्रेटरीकडे असते आणि चार पोरं मीटरपाशी घुटमळताना दिसली की प्रश्न येणारच. कॉलेजचं पत्र खिशात ठेवा, आधी सेक्रेटरींना भेटा. सीलला, वायरला हात लावायचा नाही. घरातला स्विचबोर्डही उघडायचा नाही, तुमच्यातल्या कुणाला कितीही जमत असलं तरी.

हा प्रयोग जमलाच तर घरातल्या कुणाला तरी खाली बोलवा. वरून गिझर लावायला सांगा आणि दिवा भराभर लुकलुकताना त्यांना पाहू द्या. तिथे ते जे बोलतील ते शब्द न शब्द लिहून घ्या. पुढे मजकूर लिहिताना तोच उपयोगी पडतो.

घरात जाऊन काय विचारायचं

'तुम्ही वीज वाचवता का?' याचं उत्तर 'हो, वाचवतो ना' असंच येतं आणि तुमचा फॉर्म फुकट जातो. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. 'काकू, काल संध्याकाळी सहानंतर काय काय चालू होतं?' लोक आठवत आठवत सांगतात, आणि मधेच आतून कुणीतरी दुरुस्ती करतं. ती दुरुस्ती मोलाची.

बोलत असताना एकाने घराचा नकाशा काढावा. स्विचबोर्ड कुठे, कोणतं बटण कशाचं, कोणतं बटण कपाटाच्या मागे गेलंय. आठ बटणांच्या बोर्डवर पंख्याचं कोणतं हे पाहुण्याला तर कळत नाहीच, घरचेही दोन बटणं चुकीची दाबून मग बरोबर दाबतात. सेट टॉप बॉक्सचा प्लग बहुतेक घरांत टीव्ही युनिटच्या मागे असतो, हात पोचत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं चालू. वॅटमीटरवर तो बसल्या जागी दहा वॅट घेताना दिसला तर महिन्याला सात युनिट झाले. असं घर आळशी म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, तिथे फक्त बटण चुकीच्या जागी आहे. असल्या जागांवर नकाशात लाल खूण करा.

आणि कारण विचारल्याशिवाय कशालाही 'उधळपट्टी' म्हणू नका. पावसाळ्यात एखाद्या घरात रात्री रिकाम्या हॉलमध्ये पंखा गरगरताना दिसेल.

'मावशी, हॉलमध्ये तर कुणी झोपत नाही, मग पंखा रात्रभर?'

'अगं, वर कपडे आहेत ना. सकाळी ह्यांना शर्ट लागतो.'

मुंबईचा अर्धा पावसाळा असा पंख्याखाली वाळतो. आठ तास, ७५ वॅट, म्हणजे रात्रीला ०.६ युनिट, महिन्याला १८. 'खोलीबाहेर जाताना पंखा बंद करा' असं स्टिकर तिथे लावलंत तर मावशी हसतील, आणि त्यांचंच बरोबर असेल. पण दोरी कुठे बांधली आहे, कपडे किती दाटीने टाकलेत, जाड कपडे पंख्याच्या बरोबर खाली आहेत की कडेला, आणि ते रात्री दोनला वाळलेले असताना पंखा सहापर्यंत का फिरतो, हे प्रश्न खरे डिझाइनचे आहेत.

आणखी एक. प्रत्येक घरात आजी किंवा आजोबा असे असतात जे मागे फिरून दिवे बंद करत असतात. त्यांना वीजबचत शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून शिका. एका खोलीत पाच माणसं राहणारं चाळीतलं घर मुळातच इतकं कमी वापरतं की तिथे आणखी वाचवायला सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. तिथून सवयी घ्या आणि एसी असलेल्या फ्लॅटकडे जा.

ब्रीफ: एक माणूस, एक बटण, एक वेळ

आता निवडायचं. 'मुंबईकरांमध्ये ऊर्जेबाबत जाणीव निर्माण करणे' हा ब्रीफ नव्हे, ते सरकारी परिपत्रकातलं वाक्य झालं. 'पावसाळ्यात कपडे वाळवण्यासाठी रात्री लावलेला हॉलचा पंखा, कपडे वाळल्यावर, रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाकडून बंद व्हावा' हा ब्रीफ आहे. लांबलचक आहे, पण त्यात माणूस आहे, जागा आहे, वेळ आहे, आणि यश कसं मोजायचं तेही आहे.

अशी आणखी बरीच वाक्यं तुमच्या नकाशांतून निघतील. बीएलडीसी पंख्याचंच बघा. तो बहुधा रिमोटवर चालतो. घरात आधीच टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि एसीचे रिमोट, त्यात हा एक. आजोबांना भिंतीवरचा गोल रेग्युलेटर फिरवायची सवय. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानदारांशी एक दुपार बोला, गिऱ्हाईक हा पंखा बघून परत का ठेवतं ते ते सांगतील. किंमत हे एक कारण असतंच, पण ऐकत राहिलात तर रिमोटही ऐकू येईल.

कल्पना काढताना

आधी काय झालंय ते थोडं बघा. स्वीडनच्या इंटरॅक्टिव्ह इन्स्टिट्यूटमध्ये २००५ च्या सुमारास एक वायर तयार झाली होती, 'पॉवर अवेअर कॉर्ड'. तिच्यातून जितकी जास्त वीज वाहील तितकी ती जास्त उजळायची. कुठेही आकडा नाही, शब्द नाही, तरी मूल बघूनही कळेल.

दुसरा नमुना सावध करणारा. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे झालेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांना त्यांचा वापर आणि शेजाऱ्यांची सरासरी कळवली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणारे सैलावले, त्यांचा वाढला. सरासरीच्या खाली असलेल्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढल्यावर ती वाढ थांबली. तेव्हा मजल्यावरच्या घरांची तुलना करायचा मोह झाला तर ती चिठ्ठी दारात बंद पाकिटातून द्या. सोसायटीचा फळा थकबाकीदारांच्या नावांसाठी प्रसिद्ध असतो, तिथे कुणाचे युनिट लावाल तर पुढच्या फेरीला दार उघडणार नाही.

अॅप करावंसं वाटेलच. करायला माझी ना नाही, पण रात्री दोनला हॉलचा पंखा बंद करायला कोण फोन उघडणार, एवढं उत्तर आधी द्या.

पुठ्ठा, कात्री, डबल साइड टेप

पहिला प्रोटोटाइप एका संध्याकाळी आणि घरात पडलेल्या सामानातून झाला पाहिजे. कपड्यांच्या पंख्याचंच उदाहरण पुढे नेऊ. स्विचबोर्डशेजारी लावायची पुठ्ठ्याची तबकडी, मधे टाचणीवर फिरणारा काटा. पंखा लावताना मावशी काटा 'कपडे' वर फिरवतात आणि खाली वेळ लावतात. रात्री उठलेला माणूस ती बघतो, शर्टाला हात लावून बघतो आणि बटण बंद करतो. कदाचित ही तबकडी सपशेल पडेल. अंधारात दिसणारच नाही. मग ती चकाकत्या कागदाची करा, किंवा स्विचबोर्ड सोडून फ्रिजच्या दारावर लावा, कारण माणूस पाणी प्यायला तिकडे जातो. किंवा तबकडी फेकून द्या आणि दोरीची जागा बदलून बघा. पुठ्ठा असल्याने फेकताना जीव तुटत नाही, हाच त्याचा फायदा.

मजकूर घरात बोलतात तसा, पाच-सहा शब्दांचा. 'वाळले का? मग बंद कर.' एवढं पुरे. अक्षर एवढं मोठं, की चष्म्याशिवाय आजींना वाचता यावं.

घरात लावून बघणं

पाच-सहा घरं घ्या. आधीचे किमान सात दिवस काहीच न लावता मीटरचं रीडिंग रोज ठरावीक वेळी घ्या, मग प्रोटोटाइप लावून पुढचे दिवस. मीटरच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात, त्यातला एकूण युनिटचाच हवा. पहिल्या दिवशी तो कोणता ते बिलाशी ताडून बघा. शक्य असेल तर एक-दोन घरं अशी ठेवा जिथे फक्त रीडिंग घ्यायचं, काही लावायचं नाही. नाहीतर हवा पालटली म्हणून घटलेले युनिट तुम्ही तबकडीच्या नावावर जमा कराल. एप्रिलच्या बिलाची ऑगस्टशी तुलना तर मुळीच करू नका. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, आणि तीही जपून.

गणपतीचे दिवस टाळा. घरात पाहुणे, मखराला दिव्यांच्या माळा, रात्री जागरण, सगळे आकडे फुगतात. दिवाळीचंही तेच.

आकड्यांबरोबर रोज एक ओळ घरच्यांकडून मागा. 'काल बंद केला का? कुणी?' एवढंच. पंख्याच्या बाबतीत मीटरपेक्षा ही ओळ जास्त सांगते, कारण पंखा सहाऐवजी दोनला बंद झाला तर पडणारा ०.३ युनिटचा फरक घराच्या एकूण वापरात सहज हरवतो. पाच घरांवरून मुंबईबद्दल विधान करू नका. 'पाचपैकी तीन घरांत तबकडी दुसऱ्या आठवड्यातही वापरात होती' असं काही हाती आलं, तरी ज्युरीला, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्यांना, तेवढं पुरतं.

मांडणी आणि नंतर

ज्युरीसमोर सुरुवात हवामानबदलापासून नको, घराच्या नकाशापासून करा. ब्रीफचं ते लांबलचक वाक्य मोठ्या अक्षरात लावा. पडलेले प्रोटोटाइप टेबलावर ओळीने ठेवा आणि प्रत्येकाखाली तो का पडला ते एका ओळीत लिहा. आकडे युनिटमध्ये, रुपये हवे असतील तर कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या टप्प्याचा दर धरला ते लिहून. बिलांचे फोटो लावताना नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक झाका. घराच्या आतले फोटो त्या घराला दाखवल्याशिवाय शीटवर जाऊ देऊ नका.

ज्युरी झाली की प्रत्येक घराला त्यांचे आकडे एका कागदावर मराठीत लिहून द्या, कोणतं उपकरण महिन्याला किती युनिट घेतं ते. भिंतीवरचे टेपचे डाग स्वतः पुसून या. एखादं घर 'राहू दे ती तबकडी' म्हणालं तर राहू द्या, महिन्याभराने फोन करून ती अजून वापरात आहे का ते विचारा, आणि जे उत्तर येईल ते पोर्टफोलिओच्या पानावर तारखेसह लिहा.